राज्यसेवेची वर्णनात्मक मुख्य परीक्षा आणि उत्तरलेखनाचा अभ्यास

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आयोगाने हा बदल २०२२ मध्ये जाहीर केला तेव्हा तो २०२३ पासूनच लागू व्हायचा होता; परंतु बहुपर्यायी प्रश्नांच्या तयारीत उमेदीची वर्षे घातलेल्या उमेदवारांनी पुण्यात आंदोलन केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे नेली. जुन्या पद्धतीत मुख्य परीक्षा ८०० गुणांची होती. तीत सामान्य अध्ययनाचे चारही पेपर बहुपर्यायी होते आणि प्रत्यक्ष लेखन मराठी व इंग्रजीच्या एका शंभर गुणांच्या पेपरपुरतेच करावे लागे. नव्या रचनेत निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे आहेत. त्यांचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ मिळून एकूण २०२५ गुण होतात. शिवाय मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे दोन पेपर आहेत. त्यांत २५ टक्के गुण मिळवावेच लागतात, मात्र ते गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची रचना २०१३ पासून अशीच आहे.

मी स्वतः नागरी सेवा मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली आहे आणि त्यानंतर गेली काही वर्षे ओळखीच्या, अभ्यासिकेतल्या आणि त्यांच्यामार्फत पोचलेल्या उमेदवारांची सरावाची उत्तरे तपासत आले आहे. राज्यसेवेचे उमेदवार त्यात पूर्वी क्वचित असत. आता तेच अधिक असतात. त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारतो, की किती वाचून झाल्यावर लिहायला सुरुवात करावी. अभ्यासक्रम एकदा पूर्ण होऊ दे, टिपणे तयार होऊ देत, मग लिहू, असे त्यांचे नियोजन असते. हे नियोजन समंजस वाटते, पण वर्णनात्मक परीक्षेत ते घातक ठरते, असे माझे ठाम मत झाले आहे. या परीक्षेत लिहिणे ही अभ्यासानंतरची पायरी नाही. काय वाचायचे, किती वाचायचे आणि वाचलेल्यातले काय सोडून द्यायचे, हे लिहिता लिहिताच कळते.

याचे कारण समजण्यासाठी बहुपर्यायी परीक्षेने आपल्याला कोणत्या सवयी लावल्या आहेत, ते पाहावे लागेल. तिथे उत्तर समोर छापलेले असते. आपण ते ओळखायचे असते. त्यामुळे वाचताना आपली नजर कलम क्रमांक, वर्ष, समितीचे अध्यक्ष, योजनेचे पूर्ण नाव अशा सुट्या गोष्टींवर जाते आणि दोन विधानांमधला संबंध मात्र निसटतो. राज्यसेवेच्या जुन्या पद्धतीत वर्षानुवर्षे तयारी केलेल्या मुलामुलींची माहिती अफाट असते. पंचायत राजविषयी विचारले, तर बलवंतराय मेहता समिती १९५७, महाराष्ट्रातील वसंतराव नाईक समिती १९६०, अशोक मेहता समिती १९७७, १९९२ ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती हे सारे त्यांना झोपेतही सांगता येईल. पण ‘घटनादुरुस्तीनंतरही ग्रामपंचायती आर्थिकदृष्ट्या परावलंबी का राहिल्या?’ असा प्रश्न समोर ठेवला, की तीच मुले समित्यांची यादी लिहितात आणि परावलंबनाला शेवटच्या दोन ओळींत स्पर्श करतात. माहिती अपुरी असल्यामुळे असे होत नाही. ‘का’ या प्रश्नाने त्या माहितीची मांडणी कधी केलेलीच नसते. ती मांडणी वाचून होत नाही, पेन हातात घेतल्यावरच होते.

एक प्रश्न जवळून पाहू. सरावासाठी मी अनेकांना हा प्रश्न देते: ‘महाराष्ट्रातील दुष्काळ हा केवळ पावसाचा प्रश्न नसून पाण्याच्या नियोजनाचाही प्रश्न आहे. चर्चा करा.’ शब्दमर्यादा अडीचशे. हाती येणाऱ्या बहुतेक उत्तरांची सुरुवात ‘महाराष्ट्र हे भारतातील एक अग्रेसर राज्य असून येथील बहुसंख्य लोकसंख्या शेतीवर अवलंबून आहे’ अशी होते. त्यानंतर दुष्काळाची व्याख्या, दुष्काळाचे प्रकार, परिणाम, शासनाच्या योजना आणि शेवटी ‘अशा प्रकारे सर्वांनी मिळून प्रयत्न केल्यास दुष्काळावर मात करता येईल’ असे वाक्य येते. या उत्तरात एकही विधान चुकीचे नसते, आणि तरीही प्रश्नाला हात लागलेला नसतो. प्रश्नकर्त्याने दुष्काळाची माहिती मागितलेलीच नव्हती. त्याने एक विधान केले होते आणि ते कितपत टिकते, हे विचारले होते.

आता तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने धरू. विधानात दोन कारणे आहेत, पाऊस आणि नियोजन. ‘केवळ’ या शब्दाने पहिले कारण मान्य केले आहे, फक्त ते पुरेसे नाही असे म्हटले आहे. म्हणून उत्तरात पहिल्या कारणाला दोन-तीन वाक्ये द्यायची: सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा पट्टा, पावसाच्या दिवसांतील मोठे खंड, आणि बेसाल्ट खडकाची भूजल साठवण्याची मर्यादित क्षमता. मग वळायचे. भरपूर पाऊस पडणाऱ्या कोकणातल्या कित्येक वाड्यांना उन्हाळ्यात टंचाई सोसावी लागते, तर कमी पावसाच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने गावातल्या पाण्याचा ताळेबंद मांडून, शेतीसाठी कूपनलिका आणि उसासारखी पिके बंद करून टंचाई आटोक्यात आणली. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली, की विधान निम्मे सिद्ध होते. पुढे थोड्या क्षेत्रावरच्या उसाला सिंचनाच्या पाण्याचा मिळणारा मोठा वाटा, गोदावरी खोऱ्यात वरची धरणे आणि जायकवाडी यांच्यातला वाद, आणि समन्यायी वाटपासाठी केलेला २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम हे मुद्दे येतात. १९७२ च्या दुष्काळातून बळ मिळालेली आणि १९७७ च्या अधिनियमाने हक्काचे रूप घेतलेली रोजगार हमी योजनाही इथे आणता येते, पण एका अटीवर: तिने मजुराला काम दिले आणि कामातून बंधारे, पाझर तलाव उभे राहिले, असा तिचा संबंध पाण्याशी जोडला पाहिजे. नाहीतर ती तिचे जनक वि. स. पागे यांच्या नावासकट उत्तरात येऊनही उपरीच राहते.

शेवटच्या दोन वाक्यांत स्वतःचा निष्कर्ष द्यायचा. उदाहरणार्थ, पाऊस कमी पडणे आपल्या हाती नसले, तरी कोणते पीक कोठे घ्यावे, भूजल किती उपसावे आणि धरणाचे पाणी कोणाला आधी मिळावे हे निर्णय माणसांचे आहेत, त्यामुळे विधान बव्हंशी मान्य करावे लागते. मात्र सलग दोन-तीन वर्षे पावसाने दगा दिला, तर उत्तम नियोजनही अपुरे पडते, ही मर्यादा नोंदवली पाहिजे. इथे लक्षात येईल, की या उत्तरासाठी लागलेली माहिती त्या उमेदवारांकडे आधीपासूनच होती. प्रश्नाने तिची निवड केली, एवढेच.

ही निवड करण्याची सवय एका दिवसात लागत नाही, म्हणून मी सर्वांना विषयाचे पहिले वाचन चालू असतानाच लिहायला सांगते. रोज दोन प्रश्न पुरतात. आज संघराज्य पद्धतीवरचे प्रकरण वाचले, तर संध्याकाळी पुस्तक मिटून त्यावरच्या एका प्रश्नाचे उत्तर लिहावे. ते तोकडे असेल, मधेच अडेल, एखादा मुद्दा आठवणारच नाही. जिथे अडते ती जागा नेमकी लक्षात ठेवावी, कारण दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडल्यावर डोळे आपोआप त्याच जागी जातात आणि त्या वेळी वाचलेले विसरत नाही. काहीही माहीत नसलेल्या प्रकरणावर लिहावे, असे मी म्हणत नाही. पण ‘अजून तयारी झालेली नाही’ ही भावना परीक्षेच्या दिवशीही मनातून जात नाही. तिच्या भरवशावर लेखन पुढे ढकलणारा उमेदवार पूर्वपरीक्षेचा निकाल लागेपर्यंत ढकलतच राहतो, आणि मग मुख्य परीक्षेपर्यंतच्या मोजक्या आठवड्यांत हाताला वेग आणि मनाला शिस्त दोन्ही एकदम लावायची धडपड करतो.

वेगाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. नागरी सेवा परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी वीस प्रश्न असतात. दहा प्रश्न दहा गुणांचे, दीडशे शब्दांचे, आणि दहा प्रश्न पंधरा गुणांचे, अडीचशे शब्दांचे. म्हणजे तीन तासांत सुमारे चार हजार शब्द. लहान उत्तराला सात मिनिटे आणि मोठ्याला अकरा मिनिटे धरली, तर बरोबर १८० मिनिटे होतात, आणि त्यात प्रश्न वाचणे, विचार करणे, पान उलटणे सारे आले. उत्तरपुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाखाली जागा ठरलेली असते, दहा गुणांसाठी दोन पाने आणि पंधरा गुणांसाठी तीन. राज्यसेवेच्या उमेदवारांनी आयोगाची स्वतःची प्रश्नपत्रिका प्रमाण मानावी हे खरेच. पण सरावासाठी यापेक्षा सोपे परिमाण घेऊ नये. ज्याला सात मिनिटांत दीडशे नेटके शब्द लिहिता येतात, त्याला कोणत्याही पेपरात वेळ कमी पडणार नाही.

पूर्ण पेपर सोडवणे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक चांगल्या उमेदवारांची पहिली बारा उत्तरे सुंदर असतात आणि शेवटची चार कोरी. दहा गुणांच्या उत्तराला चारऐवजी पाच गुण मिळवण्यासाठी जी पाच मिनिटे जास्त घालवली, त्यांत पुढचे एक उत्तर साधे लिहूनही तीन गुण मिळाले असते. गुण सढळ हाताने मिळत नाहीत, हेही आधीपासून माहीत असलेले बरे. नागरी सेवा परीक्षेत गेल्या दशकात पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारांनाही २०२५ पैकी साधारण पन्नास ते पंचावन्न टक्केच गुण मिळाले आहेत. दहावी-बारावीला नव्वद टक्के पाहिलेल्या मुलांना सराव चाचणीत दहापैकी चार गुण मिळाले, की ती खचतात. त्यांना मला दर वेळी सांगावे लागते, की वीसही प्रश्नांना सरासरी साडेचार गुण मिळवणारा उमेदवार स्पर्धेत असतो.

उत्तराच्या ठरावीक साच्याविषयी मात्र माझे मत अनेक शिकवणी वर्गांच्या उलट आहे. प्रस्तावना, मुख्य भाग, ‘पुढील वाटचाल’ आणि निष्कर्ष अशी चौकट शिकवली जाते. प्रत्येक उत्तरात एक आकृती, एक अवतरण, एक न्यायालयीन निकाल आणि एक समिती असावी, असा दंडकही घालून दिला जातो. नवख्या माणसाला सुरुवातीला चौकटीचा आधार होतो, हे मी नाकारत नाही. पण दीडशे शब्दांत तीस शब्द प्रस्तावनेला आणि तीस निष्कर्षाला दिले, की विचारासाठी नव्वदच उरतात, आणि त्यांतही समिती आणि अवतरण बसवायचे असते. तपासणाऱ्यासमोर अशा एकसारख्या उत्तरांचा ढीग असतो. त्यात पहिल्याच वाक्यात प्रश्नाला भिडणारे उत्तर वाचले, की वाचणारा सावरून बसतो; मी केवळ सरावाच्या वह्या तपासते, तरी मला हा फरक दर वेळी जाणवतो. महाराष्ट्राचा नकाशा काढून त्यात अवर्षणप्रवण पट्टा दाखवला, तर तो दहा ओळी वाचवतो आणि म्हणून काढावा. मध्ये ‘दुष्काळ’ असा गोल करून भोवती ‘सामाजिक’, ‘आर्थिक’, ‘पर्यावरणीय’ असे बाण काढल्याने काहीही सांगितले जात नाही.

आदर्श उत्तर कसे असावे, असे विचारले, तर मी शिकवणीच्या छापील उत्तरांकडे बोट दाखवत नाही. तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याने महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली दिलेला एखादा नीट लिहिलेला आदेश मिळवून वाचावा, असे सुचवते. वाद कशाचा आहे हे तो दोन-चार ओळींत सांगतो. अर्जदाराचे म्हणणे काय, जाब देणाऱ्याचे काय, कागदपत्रांवरून काय दिसते, कोणती तरतूद लागू होते, आणि म्हणून निर्णय काय, या क्रमाने तो जातो. निर्णयामागे कारण दिलेले नसेल, तर तो अपिलात टिकत नाही. ज्या पदासाठी आपण परीक्षा देतो आहोत, त्या पदावरचे रोजचे काम हेच आहे. टिपणी, अहवाल, आदेश, वरिष्ठांना पत्र आणि नागरिकाला उत्तर या साऱ्यांत दोन्ही बाजू ऐकून, थोडक्यात मांडून, कारणासह ठरवायचे असते. म्हणूनच ही परीक्षा वर्णनात्मक झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. लंडनमध्ये १८५५ साली भारतीय नागरी सेवेसाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली, ती लेखीच होती. १९१८ मध्ये चिंतामणराव देशमुख या परीक्षेत पहिले आले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. कोठारी समितीच्या शिफारशींवरून १९७९ मध्ये नागरी सेवा परीक्षेत बहुपर्यायी पूर्वपरीक्षा आली, तिचे काम उमेदवारांची संख्या आटोक्यात आणणे एवढेच होते. माणूस पारखण्याचे काम लेखी पेपरांकडेच राहिले आणि १९९३ मध्ये त्यांत निबंधाची भर पडली.

मराठीतून लिहिणाऱ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. नागरी सेवा परीक्षेत आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेतून उत्तरे लिहिता येतात, परंतु प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. २०१३ मध्ये प्रादेशिक भाषांच्या माध्यमावर अटी घालण्याचा प्रयत्न झाला, संसदेत आणि महाराष्ट्रात तीव्र विरोध झाला आणि त्या अटी मागे घ्याव्या लागल्या. मराठीतून लिहिण्याचा हा हक्क असा टिकवावा लागला आहे, याची जाणीव असावी. राज्यसेवेत प्रश्न मराठीतही असतात, त्यामुळे निम्मा अडथळा दूर होतो. उरलेला निम्मा अभ्याससाहित्याचा आहे. अर्थव्यवस्था, विज्ञान-तंत्रज्ञान आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांवरचे ताजे लेखन मराठीत कमी आहे, आणि जे आहे त्यातले बरेचसे इंग्रजीवरून इतक्या घाईने उतरवलेले असते, की वाक्याचा कर्ता कोण, हेच कळत नाही. असे वाचून तशीच वाक्ये उत्तरात उतरतात. यावर माझा उपाय असा: मजकूर इंग्रजीत वाचावा, पुस्तक बाजूला ठेवावे आणि तो मुद्दा धाकट्या भावाला समजावून सांगावा तसा मराठीत सांगून पाहावा, सांगता आला, तर तसाच लिहावा. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. ‘राजकोषीय तूट’, ‘महसुली तूट’, ‘कार्योत्तर मंजुरी’ असे रुळलेले शब्द निःशंकपणे वापरावेत; जो शब्द कोशाबाहेर कोणी वापरत नाही, तो उत्तरात ओढून आणू नये. मराठी वृत्तपत्रांतील अग्रलेख आणि राज्याची दर वर्षी अर्थसंकल्पापूर्वी येणारी आर्थिक पाहणी नेमाने वाचली, तर शब्द आणि आकडे दोन्ही एकाच वेळी हाती लागतात.

याच्या जोडीला एक सावधगिरीची सूचना. मराठी आणि इंग्रजीचे अर्हतेचे पेपर कोणी गांभीर्याने घेत नाही. तीनशेपैकी पंचाहत्तर गुण म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण त्या पेपरात कमी पडलेल्या उमेदवाराचे बाकीचे सात पेपर गुणवत्तेसाठी धरलेच जात नाहीत. वर्षभराची मेहनत तिथेच संपते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना मराठी निबंध आणि सारांशलेखन जड जाते, आणि ग्रामीण भागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी. दोघांनीही आठवड्यातला एक तास या पेपरांना द्यावा. एवढ्याने काम होते, यापेक्षा जास्त देण्याची गरज नाही.

नीतिशास्त्राच्या, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या चौथ्या पेपरात जुन्या पद्धतीच्या उमेदवारांना सर्वांत जास्त परके वाटते. तिथे पाठ करण्यासारखे थोडे असते. एखाद्या तालुक्याच्या अधिकाऱ्यासमोर अतिक्रमण काढण्याचा आदेश आहे, पाऊस तोंडावर आहे, झोपडीत राहणारी कुटुंबे कोठे जातील याची सोय नाही, आणि वरून दबाव आहे. त्याने काय करावे, अशा धर्तीचे प्रसंग दिलेले असतात. इथे बहुतेक जण प्रामाणिकपणा, करुणा, निःपक्षपातीपणा अशी मूल्यांची यादी लिहून थांबतात. परीक्षकाला हवी असते कृती: आज काय, या आठवड्यात काय, कोणाशी बोलणार, लेखी काय कळवणार, आणि कायदा कोठे थांबवतो. कोणत्या पर्यायाची काय किंमत मोजावी लागेल, हे स्पष्ट लिहिणारे उत्तर मला नेहमी विश्वासार्ह वाटते. ज्यात सगळे पक्ष समाधानी होतात असे उत्तर वाचताना, लिहिणाऱ्याने प्रसंगाची कल्पनाच केलेली नाही, हे लगेच दिसते. वृत्तपत्रातली जिल्ह्याची पाने या दृष्टीने वाचावीत. पाणीटंचाई, भूसंपादनाचा मोबदला, शाळेतल्या पोषण आहाराची तक्रार, यांतली प्रत्येक बातमी नीतिशास्त्राचा प्रश्न असते.

उत्तरे तपासून कोण देणार, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे, विशेषतः मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्यांसाठी. महागडी टेस्ट सिरीज लावूनही अनेकदा उत्तरावर ‘चांगले’, ‘मुद्दे वाढवा’, ‘सादरीकरण सुधारा’ एवढेच शेरे येतात आणि त्यांतून काही शिकता येत नाही. माझा अनुभव असा, की साधारण एका पातळीवर असलेल्या तिघा-चौघांनी आठवड्यातून एकदा बसून एकमेकांची उत्तरे तपासणे हे अशा टेस्ट सिरीजपेक्षा अधिक उपयोगी ठरते. तपासताना गुण देऊ नयेत. उत्तर वाचून, प्रश्न न पाहता, ‘हा प्रश्न काय असावा?’ असे तपासणाऱ्याने लिहून काढावे. त्याने लिहिलेला प्रश्न मूळ प्रश्नाशी जुळला नाही, तर उत्तर भरकटले आहे, यासाठी आणखी पुरावा लागत नाही. दुसऱ्याचे उत्तर तपासताना आपल्याही लेखनातले दोष दिसू लागतात. एकच मुद्दा वेगळ्या शब्दांत दोनदा लिहिणे हा त्यांतला सर्वांत सार्वत्रिक दोष आहे. आणि तपासलेले उत्तर त्याच दिवशी पुन्हा लिहावे. हा भाग सगळे गाळतात, कारण तो कंटाळवाणा आहे. पण पहिल्या आणि दुसऱ्या लेखनातील फरक शेजारी ठेवून पाहिला, की कोणत्याही शेऱ्यापेक्षा अधिक कळते.

परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या महिन्यात आणखी एका गोष्टीचा सराव करावा लागतो, आणि तो शरीराचा आहे. नागरी सेवा मुख्य परीक्षेत एकाच दिवशी सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास असे दोन पेपर लिहावे लागतात. सहा तास हाताने लिहिण्याची सवय आता कोणालाच राहिलेली नाही. दुपारच्या पेपरात बोटे आखडतात, अक्षर बिघडते, आणि अक्षर वाचता आले नाही, तर उत्तम मुद्दाही वाया जातो. म्हणून आठवड्यातील एक दिवस ठरवून, परीक्षेच्याच वेळेत, परीक्षेच्याच पेनाने आणि तशाच आखलेल्या कागदावर दोन्ही पेपर लिहावेत. मधल्या सुट्टीत सकाळच्या पेपराची चर्चा करू नये, जेवण हलके ठेवावे, दुपारी कोणते प्रश्न येतील याचे अंदाज बांधत फोनवर बसू नये. दुपारच्या पेपरातील पहिली तीन उत्तरे मुद्दाम सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहावीत. हात मोकळा झाला, की वेग आपोआप येतो, आणि उरलेल्या उत्तरांसाठी सात आणि अकरा मिनिटांचे गणित पुन्हा सुरू करता येते.